सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीची सर्व्हिस: कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं

आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळच्या सोसायटीत सुट्टीच्या दिवशी कुणीतरी गाडी डबल स्टँडवर लावून खाली बसलेलं असतंच. मोबाइलवर व्हिडिओ चालू, शेजारी ऑइलची बाटली. सोमवारी त्यातलीच एखादी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत जाते. कुणी चेन ताणून घट्ट बसवलेली असते आणि मागचा ब्रेक तसाच ठेवलेला असतो. कुणी ऑइल काढून टाकलेलं असतं आणि मग लक्षात येतं की नवा वॉशर आणलेलाच नाही. पाना चालवणं या सगळ्यांना येतं. चुकतो तो क्रम, आणि बाईकच्या कामात एक पायरी मागेपुढे झाली की पुढचं सगळं माप चुकतं.

हा लेख १०० ते १६० सीसीच्या रोजच्या गाड्यांसाठी आहे: उघडी किंवा कव्हरमधली चेन, मागे ड्रम ब्रेक, पुढे ड्रम किंवा डिस्क. स्कूटरचं काम वेगळं, ते यात नाही. गाडी नवी असेल आणि फ्री सर्व्हिसेस बाकी असतील तर त्या अधिकृत सेंटरवरच करा, कारण त्या चुकल्या तर वॉरंटीवर गदा येऊ शकते. घरचं काम त्यानंतर.

१. आदल्या दिवशीची तयारी

सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल शोधा. हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. त्यातली पाच मापं कागदावर लिहा: टायरमधली हवा, चेनचा ढिलेपणा, मागच्या ब्रेकचा आणि क्लचचा फ्री प्ले (दाबल्यावर काम सुरू होण्याआधीची मोकळी हालचाल), ऑइलचा ग्रेड, ऑइल किती मिलिलिटर. खाली जे आकडे दिलेत ते साधारण अंदाजासाठी आहेत. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळे असतील तर मॅन्युअलच खरं.

सामान असं लागेल:

- ८ ते १९ नंबरचे रिंग पाने. मागच्या एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटाचा नंबर आधी पाना लावून बघून ठेवा. बहुतेकांकडे नेमका तोच नसतो.
- स्क्रू ड्रायव्हर, पकड, प्लग पाना
- टायरची हवा मोजायचा छोटा गेज, १५ सेंटिमीटरची पट्टी
- जुना टूथब्रश, सुती चिंध्या, नायट्राइलचे हातमोजे
- पसरट घमेलं, फनेल, मोठा पुठ्ठा, झाकणाचा रिकामा कॅन
- चेन क्लीनर (रॉकेल मिळत असेल तर तेही चालतं), चेन ल्यूब किंवा एसएई ९० गिअर ऑइल
- इंजिन ऑइल, ड्रेन बोल्टचा (ज्यातून जुनं ऑइल काढतात त्या खालच्या बोल्टचा) नवा वॉशर, एक्सलला कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली) असेल तर नवी पिन, आणि गाडीत बदलायचा ऑइल फिल्टर असेल तर तो, त्याच्या ओ-रिंगसकट (रबराच्या कड्यासकट)

ऑइल घेताना ग्रेडइतकंच महत्त्वाचं आहे बाटलीवरचं 'जासो एमए' किंवा 'एमए२' हे चिन्ह. बाईकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि त्यांनी क्लच घसरतो. 'एमबी' लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं, तेही नको.

काम शनिवारी सकाळी ठेवा. रविवारी एखादा वॉशर कमी पडला आणि दुकान बंद असलं, तर गाडी ऑइलविना स्टँडवर उभी राहते आणि सोमवारी ऑफिसला रिक्षा शोधावी लागते. पहिल्या वेळी चार तास हाताशी असू द्या.

२. जागा

स्टिल्ट पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, पण ऑइलची पातळी तेवढ्यानेही चुकते. बाटलीभर पाणी ओतून बघा. वाहून गेलं तर जागा बदला. पोडियमवर किंवा रॅम्पजवळ काम करू नका.

पुठ्ठा अंथरा. सेक्रेटरींना आणि वॉचमनना आधी सांगून ठेवा, फरशीवर ऑइलचा डाग पडला तर पुढच्या वेळी परवानगी मिळणार नाही. गाडी डबल स्टँडवर घ्या. फक्त साइड स्टँड असेल तर पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) लागेल. विटांवर तोल सांभाळत चाक उचलायचा प्रयोग अजिबात करू नका.

> इशारा: अंगठी, घड्याळ, कडं काढा. चपला नकोत, बूट घाला. लहान मुलं जवळ असतील तर ती लांब गेल्याशिवाय पाना उचलू नका.

३. इंजिन थंड असताना: काहीही न उघडता पाहणी

गाडी रात्रभर उभी आहे, हीच टायर मोजायची वेळ. टायर गरम झाला की आतला दाब वाढतो आणि गेज जास्त आकडा दाखवतो. पंपावर जाऊन हवा भरणारे बहुतेक जण हीच चूक करतात: घोडबंदर रोडवरून दहा किलोमीटर आल्यावर हवा मोजतात आणि आकडा जास्त दिसला म्हणून सोडून देतात. दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर धावतो. घरी थंड टायरचा आकडा लिहून ठेवा. तीन-चार पीएसआय कमी असेल तर पंपावर तेवढीच भर घाला.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. '२३२२' म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन बाजूला तडे गेले असतील, तर असा टायर पावसाळ्यात चालवू नका. खाचांमध्ये झिजेची खूण करणारे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

आता डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची काडी) काढून ऑइल बघा. तळहातावर घ्या. काळं असणं साहजिक आहे. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं असू शकतं. तुंबलेल्या सबवेतून गाडी काढली असेल तर हे हमखास तपासा. असं दिसलं तर इंजिन सुरू करू नका, मेकॅनिकला बोलवा.

दिवे, हॉर्न, दोन्ही ब्रेकचे दिवे, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल एकदा पाहून घ्या. केबलची एखादी तार तुटलेली दिसली तर केबल बदला, आज ना उद्या ती रस्त्यातच तुटेल.

४. एअर फिल्टर आणि प्लग

हेही थंड इंजिनावरच. ठाण्यात मेट्रोची कामं, शीळफाट्यावरची आणि तुर्भे एमआयडीसीतली ट्रकची धूळ, यामुळे फिल्टर इथे लवकर भरतो. तरी फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे ते कळेपर्यंत त्याला हात लावू नका. बऱ्याच गाड्यांत आता तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. तो झटकायचा नाही, हवा मारायची नाही, धुवायचा तर नाहीच. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला सरळ बदलायचा, आणि आपल्याकडच्या धुळीत थोडा आधीच. हवा मारली की कागदावरचं तेल उडतं आणि बारीक धूळ थेट इंजिनात जाते. स्पंजचा फिल्टर असेल तरच मॅन्युअलप्रमाणे धुऊन, पूर्ण वाळवून बसवा.

प्लग काढण्याआधी त्याच्या भोवतीच्या खळग्यातली माती ब्रशने काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. परत बसवताना पाना नको. आधी बोटांनी फिरवा. शेवटपर्यंत हलकेच गेला पाहिजे. मध्ये अडला तर उलटा फिरवून पुन्हा लावा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा गेलेला प्लग आटे खाऊन टाकतो.

२०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ गाड्यांत जवळपास सगळीकडे फ्यूल इंजेक्शन आहे. कार्ब्युरेटरचे जुने व्हिडिओ बघून थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) उघडू नका.

५. चेन

घरच्या कामात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून वाचा.

> इशारा: गाडीची चावी काढून खिशात ठेवा. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसणाऱ्यांची बोटं चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) मध्ये सापडून तुटतात. गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हातानेच फिरवायचं.

साफ करणं. कव्हर असेल तर ते काढा. क्लीनर लावा, पाच मिनिटं थांबा, टूथब्रशने चारही बाजू घासा, चिंधीने कोरडं पुसा. पेट्रोल वापरू नका. त्याचा भडका उडतो, आणि ओ-रिंगच्या चेनमधली रबरं त्याने खराब होतात. तारेचा ब्रशही रबरं फाडतो. प्रेशर वॉशरचा फवारा चेनवर आणि चाकाच्या मध्यभागी मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. एक बादली पाणी आणि फडकं पुरतं.

साफ झाल्यावर जोडकडीची लॉक क्लिप बघा. तिचं बंद तोंड चेन पुढे धावते त्या दिशेला हवं. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेन ताणून उपयोग नाही. पूर्ण सेट बदलावा लागेल आणि ते गॅरेजचं काम.

मोजणं. मापाआधी साफसफाई, हा क्रम महत्त्वाचा आहे. मातीने अडकलेल्या कड्या चेन खोटी घट्ट दाखवतात. खालच्या चेनच्या मध्यावर पट्टी धरा, बोटाने चेन वर ढकला, मग खाली ओढा. एकूण किती हलली तो ढिलेपणा. या गाड्यांत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. नेमका आकडा बऱ्याचदा चेन कव्हरवर किंवा स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकरवर असतो. माप डबल स्टँडवर घ्यायचं की साइड स्टँडवर, तेही मॅन्युअलमध्ये बघा, कारण त्याने आकडा बदलतो.

आता चाक थोडं फिरवून परत मोजा. असं चार ठिकाणी. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सर्वात घट्ट लागते, त्या जागेवर माप बरोबर बसवायचं.

ताणणं. मागच्या ब्रेकची पट्टी ज्या नटाने धरलेली असते तो सैल करा, मग एक्सलचा नट, मग दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरचे (चाक मागेपुढे सरकवणाऱ्या बोल्टचे) लॉक नट. ॲडजस्टर एका वेळी पाव फेराच फिरवा. डावीकडे पाव, उजवीकडे पाव. स्विंग आर्मवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी एका बाजूला ओढते. एक्सल घट्ट केल्यावर परत मोजा. घट्ट करताना माप थोडं सरकतं, आणि ही दुसरी मोजणी जवळपास सगळे विसरतात. माप जमलं की लॉक नट आणि ब्रेकच्या पट्टीचा नट घट्ट करा, नवी कॉटर पिन घाला.

चेन घट्ट असलेली बरी, असं वाटणं चूक आहे. खड्ड्यात मागचं सस्पेन्शन दबतं तेव्हा चेन आणखी ताणली जाते. तो ताण सोसायला ढिलेपणा ठेवलेला असतो. तो काढून टाकला की प्रत्येक खड्ड्याचा झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. पावसाळ्यातले आपले रस्ते आठवा आणि मापापेक्षा जास्त ताणू नका.

ल्यूब. खालच्या चेनच्या आतल्या बाजूला, चाक उलटं फिरवत, पातळ थर. अर्धा तास मुरू द्या, वरचं जास्तीचं पुसून घ्या. काढलेलं जुनं इंजिन ऑइल चेनला लावायची पद्धत सोडा, त्यात धातूचा चुरा असतो. जाड ग्रीस थापलं तर त्यावर रेती चिकटते आणि ती चेन घासत राहते. कोरड्या दिवसांत दर ५०० किलोमीटरला ल्यूब पुरतं. जून ते सप्टेंबर, आणि पाम बीच रोडसारख्या खाडीकाठच्या रस्त्याने रोजचं जाणं-येणं असेल तर, त्याहून लवकर लावा.

६. चेननंतर लगेच मागचा ब्रेक

चेन ताणली म्हणजे चाक मागे सरकलं. त्याच्याबरोबर ब्रेकचा ड्रमही मागे गेला, पण पेडलपासून येणारी सळई तेवढीच लांब राहिली. म्हणजे पेडलचा फ्री प्ले कमी झाला. तसंच चालवलं तर ब्रेक सतत घासतो, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं, आणि लांब उतारावर ब्रेक मऊ पडू शकतो.

पेडलचं टोक हाताने दाबा. ब्रेक धरायला लागेपर्यंत साधारण २० ते ३० मिलिमीटर जायला हवं. सळईच्या टोकाच्या नटाने ते जमवा, नट त्याच्या खाचेत बसला की नाही बघा. मग तीन गोष्टी तपासा: चाक हाताने मोकळं फिरतं का, पेडल दाबल्यावर पूर्ण थांबतं का, आणि ब्रेक लागायच्या आधी मागचा दिवा पेटतो का. पेडल पूर्ण दाबलं असताना ड्रमवरचा बाण खुणेपर्यंत पोहोचत असेल तर आतले ब्रेक शू संपले आहेत.

पुढच्या डिस्क ब्रेकचं लिव्हर स्पंजसारखं लागत असेल, ब्रेक फ्लुइडची पातळी खाली गेली असेल, तर तिथे थांबा. ब्रेक फ्लुइड बदलणं आणि हवा काढणं हे काम शिकण्याच्या पहिल्या वर्षात घरी करू नका. चुकलेलं चेनचं माप परत मोजता येतं, चुकलेला ब्रेक सिग्नलवरच कळतो. फोर्क, व्हॉल्व्हचं सेटिंग आणि चाकाची बेअरिंगही याच यादीत.

क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळीक ठेवा. हे दोन मिनिटांचं काम आहे.

७. इंजिन ऑइल

ऑइल शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. चेनच्या कामात काही अडलं, एखादा नट हलेना, तरी इंजिनात ऑइल असेल तर गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत नेता येते. सकाळी सगळ्यात आधी ऑइल काढणाऱ्याला तो रस्ता राहत नाही.

१. इंजिन तीन ते पाच मिनिटं चालवा, बंद करा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. लांब फिरवून आणू नका, ऑइलने आणि तापलेल्या सायलेन्सरने हात भाजतील.

२. ड्रेन बोल्टला हात लावण्याआधी वरचं भरायचं झाकण उघडून बघा. ते अडकलेलं असेल तर हे आत्ताच कळायला हवं.

३. ड्रेन बोल्ट मॅन्युअलमधल्या चित्राशी जुळवून ओळखा. काही इंजिनांत खाली त्याच्या शेजारीच कॅम चेन टेन्शनरचा बोल्ट असतो. तो उघडला तर आतली स्प्रिंग बाहेर येते आणि काम तिथेच अडतं. खात्री नसेल तर उघडू नका.

४. खाली वाकून वर बघताना दिशा उलटी वाटते. बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून विचार करा: घड्याळाच्या उलट दिशेने सैल. जोर लावूनही हलत नसेल तर आपण आवळत तर नाही ना, हे आधी तपासा.

५. घमेलं खाली, बोल्ट काढा, १०-१५ मिनिटं निथळू द्या. तेवढ्यात बोल्ट पुसा, जुना वॉशर चिकटून राहिलाय का बघा. जुन्यावर नवा वॉशर चढला की गळती ठरलेली. ऑइल फिल्टर असेल तर याच वेळी बदला.

६. बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत. मग पान्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकाच (आवळण्याच्या दिलेल्या मापाइतकाच). टॉर्क रेंच नसेल तर पाना टोकाला न धरता मध्यावर धरा, वॉशर दबल्याचं हाताला कळलं की थांबा. गळू नये म्हणून अंगाचा जोर लावणाऱ्यांच्या इंजिनाचे आटे जातात आणि पुढचा खर्च शंभर सर्व्हिसेसइतका वाटायला लागतो.

> तपासा: नवं ऑइल ओतण्याआधी ड्रेन बोल्टला परत एकदा हात लावून बघा. बसवायचाच राहिलेला बोल्ट आणि पुठ्ठ्यावर वाहून गेलेली बाटली, हे माझ्यासमोर घडलेलं आहे.

७. या गाड्यांना साधारण ८०० मिलिलिटर ते एक लिटर ऑइल लागतं, पण बाटली ९०० मिलिलिटरची आहे म्हणून पूर्ण ओतायची नसते. मापापेक्षा थोडं कमी ओता, इंजिन तीन मिनिटं चालवा, बंद करून आणखी तीन मिनिटं थांबा, मग पातळी बघा. डिपस्टिक फिरवून बसवून मोजायची की नुसती टेकवून, हे कंपनीप्रमाणे बदलतं. बऱ्याच हिरो-होंडा गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवतात. इथे चुकलं तर पातळी काही मिलिमीटरने खोटी दिसते आणि लोक जास्त ऑइल भरतात. जास्तीचं ऑइल एअर फिल्टरपर्यंत पोहोचतं.

जुनं ऑइल कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि गॅरेजला द्या, तिथे ते ड्रममध्ये जमा करतात. पार्किंगच्या जाळीत ओतू नका. आपल्या बऱ्याच सोसायट्यांचं पावसाचं पाणी नाल्यातून ठाणे खाडीत जातं, जिथे फ्लेमिंगो येतात. २०२२ पासून ती खाडी रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. तेलकट चिंध्याही वेगळ्या पिशवीत द्या.

८. चाचणी

हत्यारं मोजून पिशवीत ठेवा. एखादा पाना कमी भरला तर तो गाडीतच कुठेतरी अडकलेला असू शकतो. एक्सल नट, कॉटर पिन, ब्रेकच्या पट्टीचा नट, ड्रेन बोल्ट, ऑइलचं झाकण, प्रत्येकाला हात लावून तोंडाने नाव घ्या. नुसतं बघून चालत नाही.

पहिल्यांदा पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगाने दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून बघा. ल्यूबचा थेंब टायरवर किंवा डिस्कवर उडाला असेल तर तो इथेच कळतो. मग सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर दोन किलोमीटर. परत आल्यावर मागच्या ड्रमजवळ हात न्या. धग लागली तर ब्रेक घासतोय, सहाव्या टप्प्यावर परत जा.

रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवा. सकाळी त्यावर थेंब दिसला तर ड्रेन बोल्ट किंवा फिल्टरचं कव्हर तपासा. मीटरचा आकडा, तारीख आणि आज घेतलेली मापं वहीत लिहा. ५० किलोमीटर झाले की चेनचं माप आणि एक्सलचा नट पुन्हा एकदा बघा.